चौदा रविवार : लातूरमधल्या एका रिपीटर मुलीचं प्रकरण

ही मुलगी नांदेड जिल्ह्यातल्या कंधार भागातली, वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा द्यायला लातूरच्या क्लासला आलेली. घरी चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. आठवीपासून सेमी इंग्रजी, दहावीला ९३ टक्के, गावात त्या वर्षी पहिली. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण आकड्यांना हात लावलेला नाही. ते तसेच राहू द्या असं तीच म्हणाली.

मी लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. समुपदेशनाचा एक छोटा अभ्यासक्रम केला आहे, पण मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींच्या एका होस्टेलवर जाऊन बसते. ३१ डिसेंबर २०२४ला रेक्टरबाईंनी मला एरवीच्या वाराआधीच बोलावून घेतलं. एक मुलगी दोन दिवसांपासून मेसला येत नव्हती आणि खोलीचं दार आतून लावून घेत होती.

काय घडलं होतं

३० डिसेंबरला वेळ अमावस्या होती, आमच्या भाषेत येळवस. लातूर-नांदेड-धाराशिव पट्ट्यात त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि शेत भरतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आंबिलीचा बिंदगा, भज्जी, उंडे. क्लासने एक दिवसाची सुट्टी दिली होती. मुलीला न्यायला तिचे वडील रविवारी दुपारीच आले. ती आत टेस्ट देत होती, म्हणून ते क्लासच्या ऑफिसात जाऊन बसले. वेळ जावा म्हणून त्यांनी सहज विचारलं, "आमच्या पोरीचं कसं चाललंय?" मागच्या रविवारी तिने फोनवर ७२०पैकी ५६१ सांगितले होते.

ऑफिसातल्या मुलाने यादी उघडून त्या टेस्टचे मार्क वाचून दाखवले : ४०९.

वडील म्हणाले, नाव चुकलं असेल. त्याने पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला मेसेज येत नाही का दर रविवारी?" वडिलांनी खिशातला साधा फोन काढून दाखवला. रेकॉर्डवर नंबर दुसराच होता. सप्टेंबरमध्ये मुलीने ऑफिसात येऊन 'अण्णांचा नंबर बदलला' असं सांगितलं होतं आणि स्वतःच्या जुन्या सिमचा नंबर दिला होता.

अण्णा टेस्ट सुटेपर्यंत थांबले. ती बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "येळवशीला येऊ नको. अभ्यास कर." धपाट्याचा डबा तिच्या हातात दिला आणि नांदेडच्या एसटीत बसले. रागावले नाहीत, हात उचलला नाही. ती मला पुढे कितीदा तरी म्हणाली, "मारलं असतं तर बरं झालं असतं, बाई."

मागचं थोडं

ज्यांनी लातूर बाहेरून पाहिलंय त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी बोर्डाच्या परीक्षेसाठी सराव परीक्षांची जी पद्धत रुजवली, तिला लोक लातूर पॅटर्न म्हणू लागले. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सराव परीक्षा म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका हातात ठेवून पोराला शेजारी बसवायचं आणि 'इथं आकृतीला नावं का दिली नाहीस' असं विचारायचं. त्यात आमची बोटं लाल व्हायची. २०१७पासून राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी नीट बंधनकारक झाली आणि सगळा भर त्या एका पेपरवर आला : १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला ४, चुकीला उणे १. गोळे भरलेली ओएमआर उत्तरपत्रिका मशीन तपासतं. आता रविवारी टेस्ट होते आणि रात्री यादी लागते. मुलगा शेजारी बसण्याची वेळच येत नाही.

मराठवाड्याच्या बाजूने त्यात आणखी एक ओझं आहे. राज्यात पूर्वी ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. आपल्या विभागातल्या कॉलेजात विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा. इथे कॉलेजंच कमी, त्यामुळे चांगले गुण असूनही आमची मुलं मागे राहायची. सप्टेंबर २०२०मध्ये तो कोटा रद्द झाला. इथल्या पालकांसाठी ती मोठी गोष्ट होती. त्या वर्षापासून 'आता कारण सांगायला जागा नाही' हे वाक्य मी इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलं आहे की मला त्याची भीती वाटू लागली आहे.

या मुलीने पहिली नीट ५ मे २०२४ला दिली आणि तिला ३९१ मिळाले. त्या वर्षीच्या निकालाचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ४ जूनला लागलेल्या यादीत ६७ जणांना पैकीच्या पैकी होते, फेरनिकालानंतर ते १७वर आले. पेपरफुटीच्या तपासाचे धागे तर लातूरपर्यंत आले. घरात मात्र एवढंच पोचलं की पोरीचा नंबर लागला नाही. आईचे दागिने पतसंस्थेत गहाण ठेवले, दोन लाखांच्या वर खर्चाची तयारी केली आणि तिला ड्रॉप घ्यायला लावून लातूरला आणलं. खोली कॉट बेसिसवर, चौघींत एक.

दोन रकाने

पहिल्या दिवशी माझ्याकडून चूक झाली, ती आधी सांगते. तिचं ऐकून घेतलं आणि शिक्षिकेच्या सवयीने म्हणाले, "तू आजच अण्णांना फोन करून सगळं खरं सांगून टाक, मन हलकं होईल." तिने मान हलवली. फोन केला नाही आणि दुसऱ्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही. खरं सांगण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं, ते ऑफिसातल्या मुलाने सांगून टाकलं होतं. मी तिला फक्त अपराध कबूल करायला लावत होते.

त्याच दिवशी मी तिला सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारलं की मुलांच्या मनात ते भरतं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. विचारलं की मूल बोलतं. ती म्हणाली, "मरावं असं नाही वाटत. झोपावं आणि उठूच नये असं वाटतं." हे माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तिला एकटीला ठेवायचं नाही असं रेक्टरबाईंनी ठरवलं, खोलीतल्या मुलींनी पाळ्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. औषध सुरू झालं. मासिक पाळी तीन महिने आली नव्हती हे तिने तिथे पहिल्यांदा सांगितलं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आठवड्याभराने ती बसू लागली तेव्हा मी तिला एक कागद दिला. डावीकडे खरे गुण, उजवीकडे घरी सांगितलेले. रविवारामागून रविवार. मला वाटलं होतं तिला आठवणार नाहीत. तिने चौदाच्या चौदा ओळी न अडखळता लिहिल्या.

पहिली ओळ सप्टेंबरच्या शेवटाकडची. खरे ४३८, सांगितलेले ४६०. फक्त २२ गुणांचा फरक. त्या आठवड्यात गावातल्या एका मुलाला ४५५ पडले होते आणि अण्णांनी ते तिला फोनवर सांगितलं होतं, म्हणून ४६०. पुढच्या रविवारी खरे ४४१ झाले, पण आता ते सांगता येईनात. मागच्या वेळी ४६० होते ना. मग ४७२. दिवाळीच्या आधी ती ५१८वर पोचली होती. दिवाळीला घरी गेली तर मामा, आत्या सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाका मारत होते. भाऊबीजेला थोरल्या भावाने पहिल्या पगारातून स्टेथोस्कोप आणला. ती चार दिवस जेवताना मान खाली घालून बसायची आणि घरच्यांना वाटायचं, किती अभ्यासाचा ध्यास लागलाय पोरीला.

दिवाळीनंतर उजवा रकाना वर गेला आणि डावा खाली. ४३२, ४२०, ४११. क्लासने तिला दुसऱ्या बॅचमधून चौथ्या बॅचमध्ये टाकलं. शेवटच्या ओळीत, २९ डिसेंबरला, खरे ४०२ होते. उजवीकडचा आकडा सांगायची वेळच आली नव्हती, पण तो ठरलेला होता. ५६६.

त्या कागदाकडे मी बराच वेळ पाहत राहिले. खोटा आकडा कधी खाली येऊ शकत नव्हता. खरी मुलं एखाद्या रविवारी ३० गुणांनी घसरतात, पुढच्या रविवारी सावरतात. उजव्या रकान्यातली मुलगी कधीच घसरत नव्हती. आणि दर रविवारी पेपर उघडला की हिला त्या मुलीशी बरोबरी करायची असायची. पहिले तीन प्रश्न अडले की तिच्या मनात बेरीज सुरू व्हायची : आज इतके पडले तर रात्री नऊ वाजता काय सांगायचं? यादीत तिच्यापुढे शेकडो मुलं होती, पण तिचा जीव खात होती ती हीच एक मुलगी. तिच्याबद्दल ती कुणाशी बोलूही शकत नव्हती.

उत्तरपत्रिका

गुण कमी पडतात याचं कारण क्लासने 'सिली मिस्टेक, प्रॅक्टिस वाढवा' असं दिलं होतं. मी तिच्याकडून २९ डिसेंबरच्या टेस्टची ओएमआर आणि आन्सर की मागवून घेतली. ११४ बरोबर, ५४ चूक, १२ सोडलेले. ४५६ वजा ५४ म्हणजे ४०२.

दोन संध्याकाळी आम्ही त्या ५४ चुका घेऊन बसलो. प्रत्येक प्रश्नापुढे तिने लिहायचं की हा का चुकला. १७ प्रश्न मुळातच येत नव्हते, त्यांतले बरेचसे फिजिक्सचे. १६मध्ये ती दोन पर्यायांत अडकली होती. या सोळांतली एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून लागली. सहा ठिकाणी प्रश्नात 'इनकरेक्ट' विधान विचारलं होतं आणि तिने बरोबर विधान निवडलं होतं. ती प्रश्न इंग्रजीत वाचते, मनात मराठीत लावते आणि मग सोडवते. शांत असताना हे इतकं पटकन होतं की कुणाला कळतही नाही. घाबरलेली असताना त्यातला एखादा शब्द गळतो. मराठीतूनही नीट देता येते, पण सेमीतून आलेली, इंग्रजी संज्ञा पाठ केलेली मुलं तिकडे वळत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही.

राहिले २१ प्रश्न. हे सगळे शेवटच्या वीस मिनिटांत भरलेले गोळे होते. ते मी तिला माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, घड्याळ काढून ठेवून पुन्हा सोडवायला दिले. २१पैकी १३ बरोबर आले. एका प्रश्नामागे चारही गेले होते आणि उणे एकही बसला होता. म्हणजे ६५ गुण, जे तिला येत होते.

ती गप्प बसली आणि मग रडली. म्हणाली, "म्हंजे मी ढ नाही." मी म्हणाले, नाहीस.

मग ती वीस मिनिटं कुठे गेली याचा शोध. ती पेपर फिजिक्सपासून सुरू करायची, कारण पहिल्या बॅचच्या मुली तसं करतात असं तिने ऐकलं होतं. पहिल्या अवघड प्रश्नावर अडकायची, सोडायचा नाही म्हणून झुंजायची आणि अर्ध्या तासाने डोकं वर काढायची. आम्ही क्रम बदलला : आधी बायो, मग केमिस्ट्री, शेवटी फिजिक्स. एका प्रश्नाला दीड मिनिटाच्या वर थांबायचं नाही, प्रश्नाभोवती गोल करून पुढे जायचं. 'इनकरेक्ट' आणि 'नॉट' या शब्दांखाली पेनाने रेघ मारायची. इतकं साधं होतं सगळं. सहा महिने आणि दोन लाख रुपये गेले तरी तिच्या शेजारी बसून कुणी या ५४ चुका पाहिल्या नव्हत्या, याचा मला आजही राग येतो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नीट घेणाऱ्या एनटीएने जाहीर केलं की कोविडनंतरची पर्यायी प्रश्नांची सोय बंद. २००तले १८० निवडायचे नाहीत, १८०च येणार, आणि वेळ २०० मिनिटांवरून १८० मिनिटं. वेळेतच मार खाणाऱ्या मुलीला ही बातमी कशी लागली असेल! त्या रात्री तिने पुन्हा जेवण टाकलं. डॉक्टरांकडची पुढची तारीख अलीकडे घेतली.

अण्णा

ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला भेटायला आले. बसल्या बसल्या टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी खोटं बोलली त्याचं मला काही नाही. मी गावभर सांगत हिंडलो. पारावर सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं. आता मी त्या लोकांना काय सांगू?"

मला हा माणूस तिथेच आवडला. लाज लपवायला त्याने पोरीवर राग काढला नाही, लाजेला लाजच म्हणाला. मी त्यांना दोन रकाने दाखवले. त्यांना लिहिता-वाचता येतं. बोट ठेवून एकेक ओळ त्यांनी वाचली. ४६०वर बोट थांबलं. "हे त्या पोराचं मी सांगितलं होतं ना, त्याच दिवशीचं?" मी हो म्हणाले. पुढे ते काही वाचू शकले नाहीत.

आमच्यात जे ठरलं ते कठीण होतं. रविवार रात्रीचा फोन बंद, त्याऐवजी बुधवारी संध्याकाळी. गुण विचारायचे नाहीत. क्लासचा मेसेज आला तरी त्यावर बोलायचं नाही. पहिल्या बुधवारचा फोन एका मिनिटाचा झाला. "जेवलीस का?" "हो." "बरं." वर्षभर ते एकच प्रश्न विचारत आले होते, दुसरं काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. तिसऱ्या बुधवारी ते म्हणाले, हरभऱ्याला घाटे धरलेत, पण रानडुकरं लई त्रास द्यायलेत. ती बारा मिनिटं बोलली. हे ती मला धावत सांगायला आली होती.

आणखी एक गोष्ट मी त्यांना समजावली आणि माझ्या मते तिने सगळ्यात जास्त ओझं उतरवलं. त्यांच्या डोक्यात हिशेब असा होता की सरकारी एमबीबीएस लागलं तर ठीक, नाहीतर सगळं पाण्यात, कारण खासगीची फी झेपणार नाही. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. विनाअनुदानित कॉलेजांतही, अभिमत विद्यापीठं सोडून. या घरात सहा महिने नीटशिवाय दुसरा विषय नव्हता आणि ही माहिती तिथे पोचलेली नव्हती. अण्णांनी मला तीनदा विचारलं, "म्हंजे आयुर्वेदालाबी?" आयुर्वेदालाही.

क्लास

इथे थोडक्यात सांगते. तिचं नाव भिंतीवरच्या यादीतून काढा, अशी विनंती मी केली. पहिल्यांदा 'एकासाठी नियम बदलता येत नाही' असं उत्तर आलं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत घेऊन मी पुन्हा गेले. अंतर्गत चाचणीचे निकाल जाहीर करू नयेत असं त्यात आहे. मग नाव निघालं, पण फक्त तिचं. तिथले सर वाईट नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, यादी लावली नाही तर पालकच विचारतात, दुसरीकडे लावतात, तुम्ही का नाही?" हे खरं आहे, मी ते ऐकलेलं आहे.

पुढे जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका नीट विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. गुणांवरून बॅचेस पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या मुलीची परीक्षा तोवर होऊन गेली होती.

पुढे काय झालं

मार्चपर्यंत तिचे रविवारचे गुण ४५० ते ४७०मध्ये स्थिरावले. एका रविवारी ४२९ आले आणि तिने बुधवारी न विचारता अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "असू दे, बाजार बी खाली-वर होतो."

४ मे २०२५चा पेपर फिजिक्ससाठी फार अवघड निघाला. केंद्राबाहेर मुलं रडत होती. तिने ठरलेल्या क्रमाने लिहिला, फिजिक्सचे १९ प्रश्न सोडून दिले आणि बाहेर येऊन मला फोन केला : "बाई, सोडले. हात थरथरत होते पण सोडले." १४ जूनला निकाल लागला. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६ होते, सगळ्यांचेच गुण उतरले होते. तिला ४३१. सरकारी एमबीबीएसला नंबर लागला नाही. तिसऱ्या राउंडला आयुर्वेदाच्या एका कॉलेजात लागला, फी माफीत. दागिने अजून पतसंस्थेतच आहेत. औषध डॉक्टरांनी सावकाश कमी करत ऑक्टोबरमध्ये थांबवलं.

डिसेंबरमध्येच तिला घरी पाठवायला हवं होतं का, हा प्रश्न माझा सुटलेला नाही. डॉक्टरांचं मत होतं की परीक्षा द्यायची की नाही हे तिने ठरवावं. तिने द्यायची ठरवली. पण अठरा वर्षांची मुलगी, आईचे दागिने गहाण आणि गावभर झालेलं नाव, एवढं सगळं असताना तिने काय मोकळेपणाने ठरवलं असेल? तिला मी हे विचारलं आहे. ती म्हणाली, "मला पण नाही माहीत, बाई."

तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीत आहे. मागच्या आठवड्यात अण्णांचा फोन आला होता. अकरावीसाठी त्याला लातूरला टाकावं की नांदेडला, आणि नीट का जेईई, असं विचारत होते. मी म्हणाले, "अण्णा, त्याला काय करायचंय ते विचारलंत का?" पलीकडे बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला, ते शेतात असावेत. मग म्हणाले, "नाही विचारलं. तूर झोडपायला आलाय माझ्यासंगं. थांबा, आत्ताच विचारतो," आणि फोन चालूच ठेवून त्याला हाक मारली.